पहिला माग

चहा नको म्हणत तिने वडिलांच्या पुस्तकाच्या प्रुफांची चळत मावशींच्या पुढ्यात सरकवली आणि एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. या मावशींनी कापडगिरणीत उभा जन्म माग चालवला होता.

"‘पहिला माग कोणत्या कारणाने थांबला, हे आज निश्चित सांगता येत नाही’," तिने वाचून दाखवलं. "एवढंच पक्कं करायचंय, मावशी. संध्याकाळी पानं छापखान्यात जाणार."

"बस तरी आधी. आल्यापासून एक पाय दारातच आहे तुझा."

ती बसल्यासारखी टेकली. वडील जाऊन एकवीस दिवस झाले होते. त्यांची अठरा वर्षं या पुस्तकाने खाल्ली होती: पन्नास वर्षांपूर्वी गिरणीतला संप गावभर कसा पसरला आणि महिन्याभरात सरकार कसं कोसळलं. मजुरीतली कपात, धान्याचे भाव, फौजेतली फूट; एकेका कारणाला एकेक प्रकरण. ठिणगी कुठलीही चालते, गंजी वाळलेली असावी लागते, असं ते म्हणायचे.

"सांगता येत नाही?" मावशी हसल्या. "आठ वेळा आले तुझे बाबा. आठही वेळा सांगितलं. माग मीच थांबवला. शेजारच्या मागावरच्या पोरीचा बाप गेल्याचा निरोप आला, तर मुकादम म्हणतो, पाळी संपली की जा. ती लागली की गं परत कामाला! रडेना, बोलेना. मला ते बघवेना."

"मग बाबा काय म्हणायचे?"

"पेनाला टोपण लावायचे. मावशी, म्हणे, एवढ्याशानं सरकारं पडत नसतात."

तिने पेन्सिल बोटांत फिरवली. इस्पितळातून बाबांबद्दल फोन आला तेव्हा ती चौथं प्रकरण तपासत होती. एवढं पान संपवून निघते, असं तिने सांगितलं होतं.

"ती पोरगी गेली मग घरी?"

"कुठली जातेय! सगळे माग थांबले, फाटकाशी ही गर्दी. म्हणाली, माझ्यापायी थांबलात, आता मीच कशी जाऊ? घोषणा द्यायला सगळ्यांच्या पुढे. बापाला शेजाऱ्यांनी पोचवलं." मावशी पदराचं टोक चुरगाळत राहिल्या. "पुढे दर वर्षी संपाच्या आठवणीच्या सभेत तिचा सत्कार ठरायचा. एकदाही आली नाही."

रेघ ओढलेलं वाक्य तिने खोडलं आणि समासात बारीक अक्षरांत चार ओळी लिहिल्या.

"बाबांना पटलं असतं का हे?" मावशींनी विचारलं.

"छे. कडाडून भांडले असते."

चार ओळी वाढल्या होत्या. तिथून पुढचा मजकूर खाली ढकलण्याची खूण तिने समासात केली आणि पानं उलटत गेली: मोर्चा, गोळीबार, मंत्र्यांचे राजीनामे. प्रत्येक पान नव्याने लावावं लागणार होतं.