पाचव्या रांगेतला पतंग

बाबांच्या पेटीत राखी पतंगांच्या चार रांगा होत्या आणि पाचव्या रांगेत एकटा एक नर. या वंशाकडे आजवर फारसं कुणी बघितलेलं नाही. सगळ्यांचे पंख धुळीच्या रंगाचे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. बाबा म्हणत, रांगेगणिक एक, अशा यात जाती पाच. संग्रहालयातल्या संशोधक बाई म्हणत, चार. हा वाद पत्रांतून नऊ वर्षं चालला, आणि तीन वर्षांपूर्वी बाबांनी एकाएकी लिहिणंच थांबवलं. मागच्या महिन्यात ते गेले. पेटी घेऊन मी संग्रहालयात आले.

"तुमचे वडील मला कातरबाई म्हणायचे," हातमोजे चढवत बाई म्हणाल्या. "ठाऊक आहे मला."

त्यात खोटं काही नव्हतं. जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या इवल्याशा चिमट्यांवरून, आणि ते बघायचे तर पोट तोडून क्षारात शिजवावं लागतं. एकुलत्या एका नमुन्याला हात लावू द्यायला बाबा कधी तयार झाले नाहीत. मी मात्र परवानगीच्या कागदावर सही केली. चिमटे वेगळे निघाले तर नव्या जातीला बाबांचं नाव द्यायचं बाईंनी कबूल केलं होतं. मला ते फार हवं होतं. इतकं, की पेटी उघडताना जे सांगायला हवं होतं ते मी गिळलं.

बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा पेटी पुसताना माझ्या हातून निसटली होती. पाचव्या रांगेतल्याचं आणि त्याच्या शेजारी कोपऱ्यात टोचलेल्या, भलत्याच वंशातल्या पतंगाचं, अशी दोन पोटं गळून पडली. मी ती डिंकानं चिकटवली. कुठलं कुणाचं, ते अंदाजानं.

बशीतल्या क्षारात पोट मऊ पडलं. बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि बशी पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. मी टेबलाची कड धरून उभी होते.

"असे चिमटे या वंशात मी पाहिलेले नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "हरले मी." मग पुन्हा भिंगात बघत, "सांध्याला डिंक दिसतोय. पण एकाचं पोट दुसऱ्याला लावणारे तुमचे वडील नव्हेत." त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि नोंदवही ओढली.

"ते मी लावलंय," मी म्हणाले.

पेन हातात तसंच राहिलं. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच मला जड गेलं. शेजारचा पतंग त्यांनी टाचणीसकट उचलला, खालची चिठ्ठी उलटून वाचली आणि माझ्यापुढे धरली. बाबांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर: "पोटांची अदलाबदल. मुलीनं जोडलीत. तिला विचारू नये." तारीख ते दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यातली. त्यानंतर त्यांनी बाईंना एकही पत्र लिहिलं नव्हतं.

"आणि मी समजत होते, मी जिंकले," चष्मा पुसत बाई म्हणाल्या. तो परत लावून त्यांनी विचारलं, खरं पोट आता याला आहे, बघायचं का? मी मान डोलावली.

पुन्हा बशी, पुन्हा क्षार. या वेळी मी खुर्चीत बसले.

"तिसरी जात," बाई हळूच म्हणाल्या. "नेहमीचीच."

म्हणजे बाबा नऊ वर्षं चुकत होते. मी बाईंना विचारलं, पाचव्या रांगेतला पतंग त्याच्या खऱ्या रांगेत मी लावला तर चालेल का? त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. तिसऱ्या रांगेच्या शेवटी जागा होती. हात हलू नये म्हणून मी कोपर टेबलावर टेकवलं, बाबा टेकवायचे तसं, आणि टाचणी हळूहळू खाली दाबली. खाली चिठ्ठी ठेवली ती बाबांचीच, पेन्सिलीतली.