काळ्या दारूचा चमचा

मी एक चमचा बोलतोय. थांबा, लगेच हसू नका. साहेबांच्या मागेमागे फिरणारा तसला चमचा नाही मी, आणि चहात बुडणाराही नाही. मी मापाचा चमचा आहे. बंदुकीची दारू मापायचा. मनात बरंच साठलंय, त्यामुळे भरभर बोललो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका उडालेल्या काडतुसातून झाला. म्हणजे बघा, रायफल उडाली की गोळी पुढे जाते आणि मागे पितळेची नळकांडी उरते. तिला पुंगळी म्हणतात. अण्णांनी अशीच एक पुंगळी घेतली, कापली, कानशीने घासली, दारू भरून बघितली, पुन्हा घासली. तीन दिवस त्यांचं तेच चाललं होतं. मग तारेचा दांडा डाख देऊन जोडला आणि मला उजेडात धरून म्हणाले, "झालास एकदाचा."

अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, एका जिन्याखाली. इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की अण्णांना उभं राहून त्याला जागा करून द्यावी लागते. भिंतीभर घड्याळं, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. कोणी विचारलं, "अण्णा, नक्की वाजले किती?" की अण्णा म्हणणार, "तुला कितीला पोचायचंय?"

रायफल त्यांच्या आजोबांची. शंभरी कधीच ओलांडलेली. ती घडवली तेव्हा काळ्या दारूशिवाय दुसरी दारू तिच्या कारागिराला ठाऊकच नव्हती. काळी दारू म्हणजे मोठा धूर, सडक्या अंड्यासारखा वास आणि हात कोळशासारखे. पण रायफलीला एक धक्का देते आणि मोकळी होते. तेवढाच धक्का सोसेल असं त्या रायफलीचं जुनं, मऊ लोखंड आहे.

आणि माझं काम? अगदी सोपं. काठोकाठ भरायचं, खेळातल्या जुन्या पत्त्याच्या कडेने वरून सपाट करायचं, पुंगळीत ओतायचं. मग वर गोळी बसवली की दारू आणि गोळी यांच्यामध्ये हवेला जागा उरत नाही. अण्णांचा हा देवाच्या जागी मानलेला नियम. "पुंगळी भरलेली पाहिजे. आत पोकळी राहिली की घात." का घात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलांनी विचारलं तर म्हणायचे, "सांगितलंय तेवढं करा."

दोन मुलं. थोरली ताई, धाकटा तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आता दुकान ताई चालवते. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, हात थरथरतात. ताई उजव्या डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास घड्याळात डोकावून बसते. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने अशा उचलते की बघत राहावं. रविवारी तोच डोळा रायफलीच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर. क्लबाच्या चांदमारीवर वर्षातून एकदा जुन्या रायफलींची स्पर्धा असते, त्यात ताई दोनदा पहिली आलेली.

धाकट्याला ती मेलगाडी म्हणते. कारण तो कुठल्याच स्टेशनावर थांबत नाही. जेवताना उभा, बोलताना निम्मं वाक्य जिन्यात. पण ताईवर जीव. आणि सगळं झालं ते त्या जिवापायीच, हे आधीच सांगून ठेवतो. मी त्याच्या हातात होतो, मला ठाऊक आहे.

मागच्या स्पर्धेत ताई हरली. नेम चुकला म्हणून नव्हे, धुरामुळे. वारा पडलेला, प्रत्येक बार उडाला की ढग समोरून हलेचना, आणि वेळ संपली. घरी येऊन तिने दोन तास रायफलीच्या नळीत उकळतं पाणी ओतलं, घासलं. तरी सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या तबकडीवर काळा ठसा उमटला. तो माणूस म्हणाला, "बाई, घड्याळं दुरुस्त करता की गाड्या?" ताई हसली. धाकट्याला काही हसू आलं नाही.

यंदा स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी तो कॉफीचा डबा घेऊन दुकानात आला. ताई बँकेत गेलेली, अण्णा घरी झोपलेले. डब्यात होती बिनधुराची दारू. हल्लीच्या रायफलींची. क्लबातल्या एका दोस्ताने दिलेली. दोस्ताच्या बरणीवर भलीमोठी चिठ्ठी होती म्हणे, वजन करूनच वापरा, कुठल्या रायफलीला चालते, कुठल्या नाही. पण अण्णांनी बरणी बघितली तर बोंब होईल म्हणून याने दारू डब्यात ओतून घेतली. चिठ्ठी राहिली बरणीवर, बरणी राहिली दोस्ताकडे.

त्याने मला खिळ्यावरून काढलं. पोटात ते हिरवट-करड्या रंगाचे कपचे पडले आणि मला कसंसंच झालं. काळी दारू मला आतून ओळखीची आहे. हे काहीतरी परकं होतं. पण मी पडलो चमचा. मला जागा कळते, ताकद कळत नाही. किती मावतं ते सांगेन. ते पेटल्यावर काय करील, ते मला कोण सांगणार?

आणि ऐका, तो अगदीच बेफिकीर नव्हता. ही दारू जोरकस असते एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून पहिल्यांदा त्याने मला अर्धंच भरलं. पुंगळीत ओतलं, आत वाकून पाहिलं. वर पोकळी. तो थबकला. मेलगाडी थांबली म्हणायची, जन्मात पहिल्यांदा. आणि त्याला अण्णांचा नियम आठवला. आत पोकळी राहिली की घात.

मग त्याने मला काठोकाठ भरलं. वर पत्ता फिरवला, अण्णा फिरवतात तसाच.

काळ्या दारूत जो नियम जीव वाचवतो, तोच या दारूत जिवावर उठतो. मी वीस वेळा भरलो, वीस वेळा रिता झालो. त्याने ताईने भरलेली काडतुसं कपाटात मागे सरकवली, ही पेटीत ठेवली आणि मलाही त्याच पेटीत टाकलं. उद्या धूर दिसला नाही की ताईचं तोंड बघण्यासारखं होईल, असं काहीतरी पुटपुटत होता.

रविवारी सकाळी चांदमारीवर गेलो. ताईने चष्मा लावला, काडतूस घातलं, मागचा ठोकळा बंद केला. अण्णा तिच्या मागे खुर्चीवर. त्यांना निशाण दिसत नाही, पण धुराचा पांढरा ढग दिसतो, तेवढ्यासाठी येतात.

बार झाला. नेहमीचा ढम्म असा आवाज नव्हता. कोणी ऐरणीवर घण घातल्यासारखा टणत्कार. आणि ढग आलाच नाही. अण्णा उठून उभे राहिले. "धूर कुठाय? ताई, धूर कुठे गेला?"

ताई खाली बसली होती. पुंगळीचं बूड फाटलं होतं. ठोकळ्याला तडा गेला होता आणि पेटलेला वायू मागे फिरला होता. पितळेचा एक कण चष्म्याच्या कडेतून आत शिरला. उजव्या डोळ्यात.

मी उघड्या पेटीत पडून सगळं बघत होतो. इस्पितळात कोण गेलं, कोण कसं गेलं, मला माहीत नाही. पेटी कोणीतरी दुकानात आणून ठेवली.

पुढचे तीन दिवस मी विसरणार नाही. दुकान बंद, तरी अण्णा रोज यायचे. पुंगळीच्या बुडाला एक इवलीशी टोपी बसवतात, आधी ती पेटते, मग दारू. दाबयंत्रावर टोप्या बसवायचं काम अजून अण्णा करायचे, तेवढंच त्यांच्या हाताला जमायचं. आणि त्यांच्या मनाने घेतलं की चूक त्यांचीच.

"टोपी वाकडी बसली असणार," ते धाकट्याला म्हणाले. "ताई म्हणत होती, अण्णा आता राहू द्या. मी ऐकलं नाही. म्हाताऱ्याची हौस, पोरीचा डोळा गेला."

"डॉक्टर म्हणालेत, अजून सांगता येत नाही," धाकटा म्हणाला.

"तुझं जेवण झालं?"

"हो." झालं नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते ते मला पेटीत ऐकू येत होते.

एरवी धाकट्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि आता मिठाची गुळणी धरलेली. मला त्याचा राग येत होता. खरंच येत होता. अण्णांनी दाबयंत्र उचलून फडक्यात गुंडाळलं, "भंगारात दे" म्हणाले, तरी तो गप्प. आणि मी? पोटात पुरावा घेऊन बसलेलो, बिनतोंडाचा.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी पेटी उघडली. मला काढलं, पांढऱ्या कागदावर उलटं धरलं आणि टिचकी मारली. माझ्या डाखाच्या कडेला चिकटलेलं काहीतरी खाली पडलं. अण्णांनी कागद नाकाशी नेला, दाराकडे नेला, पुन्हा नाकाशी.

"इकडे ये रे. दारू ओलसर होती का बघू. माझ्या डोळ्यांना काही दिसत नाही. तू बघ, काय आहे कागदावर?"

धाकटा वाकला. कागदावर चार हिरवट कपचे. मला दिसत होते, त्याला दिसत होते. अण्णांना दिसत नव्हते. 'काळी भुकटी आहे, अण्णा' एवढं म्हणाला असता तरी प्रकरण मिटलं असतं. अण्णांनी ते मरेपर्यंत खरं मानलं असतं.

भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळेने टिकटिकत राहिली.

"अण्णा," तो म्हणाला, "ही काळी नाहीये." आणि मग सगळं सांगितलं. डबा, बरणी, चिठ्ठी, वीस काडतुसं. "टोप्यांचा काही संबंध नाही. मी भरलं. तुम्ही तीन दिवस स्वतःला बोलत होतात आणि मी ऐकत होतो."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. अण्णा स्टुलावर बसले.

"चमचा भरून घातलास?"

"आधी अर्धा घातला होता. वर पोकळी राहिली. तुम्ही म्हणता ना, पोकळी राहिली की घात."

अण्णांनी मला बोटांत फिरवलं. मग म्हणाले, "काळ्या दारूत घात, पोकळीत भडका आपटला की नळी फुगते. हिच्यात नव्हे, हिच्या चमचाभरात कितीतरी पट जोर. का, ते मी सांगितलं होतं तुला?"

"नाही. मी पण नीट विचारलं नाही."

"विचारलं असतंस तर मी खेकसलो असतो." त्यांनी कागदाची घडी घातली. "ताईला तू सांगायचंस. माझ्यामागे लपून नाही. आज."

तो गेला. तिथे काय झालं ते मला ठाऊक नाही. परत आला तेव्हा डोळे सुजलेले होते. उरलेली एकोणीस काडतुसं त्याने अण्णांसमोर एकेक करून उघडली, दारू पाण्याच्या बादलीत ओतली. दिवसभर तेच करत बसला. एकदाही उठला नाही.

बाराव्या दिवशी ताई दुकानात आली. उजव्या डोळ्याने तिला वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं दिसतं. डॉक्टर म्हणतात, निवळेल कदाचित. कदाचित नाही. तिने भिंग डाव्या डोळ्याला लावलं आणि पहिलीच स्प्रिंग तिच्या चिमट्यातून उडाली. धाकटा जमिनीवर रांगत शोधायला लागला.

"सावकाश, मेलगाडी," ती म्हणाली. "पळून नाही जाणार ती."

अण्णांना मला हातोड्याने चेपायचं होतं. ताईने मला त्यांच्या हातातून घेतलं. "त्याने काय केलं? जेवढं सांगितलं तेवढंच केलं ना त्याने?" मग मला खिळ्याला अडकवत म्हणाली, "आपल्या घरची रीतच ती."

आता मी खिळ्यावर आहे, रिकामा. रायफल तडा गेलेली, ती पुन्हा उडायची नाही. माझ्यावर धाकट्याने चिठ्ठी चिकटवलीय, फक्त काळ्या दारूसाठी. अक्षर मेलगाडीसारखं नाही, चांगलं थांबून थांबून काढलंय. पण खरं सांगू का, चिठ्ठी पडते. बरणी बदलते. मी शंभर वर्षं टिकेन आणि ज्याच्या हाती जाईन त्याच्यासाठी निमूटपणे भरेन. मला तेवढंच येतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतोय, नसलेले हात. माझ्यासारखं एखादं जुनं माप तुमच्याही घरात असेल. थोरामोठ्यांनी दिलेलं, काठोकाठ भरायचं, कधी न चुकलेलं. ते हातात घेताना आधी विचारा, हे कशासाठी बनवलं होतं? आणि तुम्ही ते कोणाच्या हातात देणार असाल, तर त्याने विचारायची वाट बघू नका.

अण्णा आता वाट बघत नाहीत. सकाळी दुकान उघडलं की धाकट्याला समोर बसवतात आणि सगळ्याची कारणं सांगत सुटतात. तेल थेंबभरच का, चावी शेवटपर्यंत का द्यायची नाही, आजोबा रायफल उभी का ठेवत नसत. तोही मुकाट ऐकतो. कधीकधी ताईच वर न बघता म्हणते, "अण्णा, जरा दम घ्या."

"एवढं सांगू दे," अण्णा म्हणतात. "हे राहून गेलं होतं."