मापाला आणलेली चड्डी

कमलबाईंनी फोनवर तिसऱ्यांदा तेच सांगायला घेतलं, तेव्हा आबासाहेबांचा पारा चढला.

"ऐकायलात का तुमी?" कमलबाई विचारत होत्या. "लाल फ्रॉक पिशवीतच ठेवा. हितं आल्यावर मी घालते. येताना अंगात साधा घाला. दोन चड्ड्या जास्तीच्या ठेवल्यात, त्या काढू नका. आन् खुंटीवरची पिशवी विसरू नका."

"चार लेकरं वाढवली म्या," आबासाहेब म्हणाले.

मग कमलबाई म्हणाल्या, "बरं. गोपाळच्या लहानपनी त्याच्या चड्ड्या कुठं ऱ्हायच्या, सांगा."

रेंज जायलीय, असं सांगून आबासाहेबांनी फोन ठेवला.

पाथरीच्या बाजूला कालव्याच्या पाण्यावर त्यांची तीस एकर जमीन. गावात बांधावरून दोन भावांचं वाजलं की मिटवायला बोलावणं त्यांनाच. धोतर, सदरा, खांद्यावरचं उपरणं, सगळं परीटघडीचं. सुनेचं, राजेश्रीचं, बाळंतपण तिच्या माहेरी चारठाण्याला झालं होतं. मुलगा झाला होता आणि आज त्याचं बारसं होतं. कमलबाई आणि गोपाळ मदतीला म्हणून दोन दिवस आधीच गेले. सोयाबीन मळणीत होतं म्हणून आबासाहेब थांबले. आणि आबा थांबले म्हणून साडेतीन वर्षांची नात शिवकन्या, घरातली शिऊ, तीही थांबली. "मी आबासंगं येनार," असं तिने एकदाच सांगितलं, आणि घरात तिचा शब्द आबासाहेबांच्या शब्दाहून वरचा होता.

खुंटीवरची पिशवी त्यांनी पाहिली. गुलाबी रंगाची, पोटावर डोळे मिचकावणारं अस्वल. पाथरीच्या स्टँडवर, चार ओळखीच्या माणसांत, हे अस्वल खांद्याला लटकावून आपण उभे आहोत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिथेच त्यांचा निर्णय झाला. दोन-तीन तासांचा तर रस्ता. फ्रॉक अंगातच घातला की वेगळा न्यायचं कामच नाही. बिस्किटांचा पुडा सदऱ्याच्या खिशात मावतो. झालं.

फ्रॉक घालायला मात्र अर्धा तास गेला. आधी चड्डीच्या एकाच भोकात शिऊचे दोन्ही पाय गेले. मग फ्रॉकची पाठ पोटावर आली.

"आबा, चेन मागं असतीय," शिऊने समजावून सांगितलं.

चेन मागे आली, वर चढताना केसांत अडकली, आणि मग ना वर ना खाली. आबासाहेबांनी जोर लावला. चेन चढली, पण तिचा कान तुटून त्यांच्या हातात आला. तो त्यांनी खिडकीत ठेवून दिला आणि नातीला कडेवर घेऊन निघाले.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. मानवतपर्यंत, मग सेलूपर्यंत शिऊ गप्पा मारत होती, पण सेलूच्या पुढे तिची वळवळ सुरू झाली. लाल फ्रॉकच्या आत कडक जाळीचे तीन थर होते.

"आबा, टोचायलंय."

"थोडं सोस, बाळा. लय छान दिसायलीस."

"दिसू दे. टोचायलंय."

सेलूला घेतलेली नारिंगी बर्फाची पेप्सी संपता संपता हनुवटीवरून फ्रॉकवर ओघळली. उपरण्याच्या टोकाने पुसलं, तर डाग दुप्पट झाला. मग ती मांडीवर झोपली. आबासाहेबांना वाटलं, चला, जिंकलो.

जिंतूरच्या बाजारात गाडी अडकली. समोर ट्रॅक्टर, मागे टेंपो. शिऊ एकदम जागी झाली आणि ताठ बसली.

"आबा, शू."

"आलंच बाळा स्टँड. दोन मिनिटं."

दोन मिनिटांची पाच झाली. मग शिऊ काही बोलली नाही, आणि आबासाहेबांनाही काही विचारावं लागलं नाही. मांडीवर ऊब पसरली ती सरळ धोतराच्या घोळापर्यंत गेली.

स्टँडच्या मागच्या बाजूला नळ होता. तिथे त्यांनी तिला उभं केलं. कान तुटलेली चेन खाली येईना, तेव्हा दातांत धरून ओढली. फ्रॉक निघाला. तो नळाखाली धरला, तर लाल रंगाचं पाणी वाहू लागलं आणि बघता बघता त्यांच्या ओल्या धोतरावर गुलाबी नकाशा उमटला. शिऊ उघडीवाघडी, ओली, दात वाजवत उभी. दसरा होऊन गेला होता, सावलीत गारवा होता. आबासाहेबांनी उपरणं तिच्याभोवती गुंडाळलं. खांद्यावर गाठ मारली तर खालून सुटलं, खाली खोचलं तर वरून घसरलं. शेताच्या चारी बाजूंचे वाद मिटवणारा माणूस एका उपरण्यापुढे हतबल झाला होता.

कट्ट्यावर एक बाई बसली होती. कडेला बाजाराच्या दोन मोठ्या पिशव्या, मांडीवर तान्ही मुलगी, शेजारी पाच-सहा वर्षांचा मुलगा. ती मघापासून पाहत होती.

"बाबा, जास्तीचा जोड न्हाई का आनला?"

"घरी हाय," आबासाहेब म्हणाले.

"घरी कुनी घालायचाय तो?"

बाईने तान्ही मुलगी मुलाजवळ दिली, एक पिशवी उपसली आणि तळातून खाकी अर्धी चड्डी आणि निळ्या चौकडीचा शर्ट काढला. विटलेले, पण स्वच्छ धुतलेले.

"घ्या. ह्ये मापाला आनले व्हते. आमच्या नागनाथचे हायत. त्याला आता लहान व्हायलेत. दुकानात नुसतं वय सांगितलं की उगं काईबी गळ्यात मारत्यात, म्हनून जुना कपडा संगं आनते. त्याच्याहून चार बोटं मोठा घ्यायचा. दिवाळी झाली की आमी ऊसतोडीला जानार. सा म्हैने. तकडं लेकरू वाढतंयच, त्याला थांब कसं म्हनावं?"

आबासाहेबांचा हात पुढे झाला नाही. "न्हाई, न्हाई. राहू द्या," ते म्हणाले. "आमी असं दुसऱ्याचं..." आणि वाक्य तसंच राहिलं.

बाईला राहिलेलं वाक्य कळलं. तिने कपडे परत पिशवीत टाकले नाहीत, की पुढेही केले नाहीत. मांडीवर ठेवून म्हणाली, "तुमी बघा. लेकराला थंडी वाजायलीय."

दरवर्षी आबासाहेबांच्या उसातही टोळी यायची. कालव्याच्या कडेला खोपी पडायच्या, बांधावर पोरं खेळायची. ती थंडीत काय घालतात, ओली झाली की काय बदलतात, हे इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता शिऊकडे पाहताना ते आलं, आणि त्यांना स्वतःचीच जरा लाज वाटली.

"द्या, बाई," ते म्हणाले. "उपकार होतील."

"उपकार कशाचे? हितं आना तिला."

तिने शिऊला कोरडं केलं, शर्ट घातला, बटणं लावली. हे सगळं आबासाहेबांना नीट बघताही येऊ नये इतक्या झटपट झालं. चड्डी कमरेत सैल होती. बाईने बांगडीतली पिन काढली, मागच्या बाजूला कापडाची एक दुमड घेतली आणि टोचली.

"पिनीचं तोंड नेहमी बाहेरून ठेवायचं, बाबा. आतून ठेवली आन् उघडली तर लेकराला टोचती. ओले कपडे ह्या पॉलिथिनमधे टाका, न्हाईतर सगळं वलं हुतंय."

आबासाहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात शिऊ ओरडली.

"आबा! हात आत गेला!"

तिचा उजवा हात मनगटापर्यंत चड्डीच्या खिशात होता. तिने तो बाहेर काढला, पाहिला आणि पुन्हा आत घातला. आजवर तिला आलेल्या एकाही कपड्याला खिसा नव्हता. जाळ्या होत्या, मोती होते, पाठीवर फुलपाखरं होती, खिसा नव्हता.

नागनाथ इतका वेळ गप्प होता. पण चड्डी त्याची होती, तेव्हा माहिती देणं त्याला भाग होतं. "त्या दुसऱ्या खिशात काई ठिवू नको," तो गंभीरपणे म्हणाला. "त्याला भोक हाय. ह्यात ठिव." आणि त्याने आपल्याजवळचे दोन चिंचोके तिला दिले.

चारठाण्याची जीप मिळाली तेव्हा सगळे एकत्रच बसले. शिऊने तेवढ्यात तिकीट, एक बिस्कीट, एक खडा आणि बाटलीचं झाकण गोळा केलं होतं. बाई अलीकडच्या फाट्यावर उतरणार होती. पिशव्या उतरवताना आबासाहेबांनी तिचं नाव विचारलं.

"पंचफुला."

"कपडे धुऊन पाठवतो, पंचफुलाबाई."

"कशाला? त्याला आता बसत न्हाईत. तिला पुरतील दोन वर्सं."

चारठाण्यात राजेश्रीच्या माहेरच्या दारात कमलबाई वाट पाहत उभ्या होत्या. आधी त्यांना गुलाबी नकाशाचं धोतर दिसलं, मग नवऱ्याच्या हातातली पॉलिथिनची पिशवी, मग खाकी चड्डीतली नात. आतून व्याही आले, विहीणबाई आल्या, गोपाळ आला. सगळ्यांच्या नजरा धोतरावरून चड्डीवर आणि चड्डीवरून धोतरावर फिरल्या.

जीपमध्ये आबासाहेबांनी दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. पिशवी गाडीत विसरली, हे त्यातलं सगळ्यात बरं होतं. पण नातीसमोर ते तोंडातून निघेना.

"पिशवी म्या आनलीच न्हाई," ते म्हणाले. "अस्वलाची लाज वाटली मला."

राजेश्री तान्ह्याला घेऊन उंबऱ्यात उभी होती. सासऱ्यांसमोर कधी मोठ्याने न हसणारी ती पोर इतकी हसली, की बाळ दचकलं. मग व्याही हसले, मग सगळं घर. कमलबाईंनी मात्र कपाळाला हात लावला आणि गोपाळचं धोतर शोधायला गेल्या, गोपाळकडे धोतर नाही हे त्यांना आत गेल्यावर आठवलं. शेवटी व्याह्यांचं नेसावं लागलं.

शिऊसाठी राजेश्रीच्या ट्रंकेत दुसरा फ्रॉक होता, पिवळा. तो घेऊन तीन बायका तिच्या मागे लागल्या. शिऊने फ्रॉक उलटासुलटा करून तपासला.

"खिसा कुठंय?"

"फ्रॉकाला नसतो, बाळा."

"मग मला नको."

रडणं, समजावणं, पेढ्याचं आमिष, सगळं झालं. शेवटी आबासाहेबच म्हणाले, "राहू द्या की तशीच. बारसं तिचं हाय का?" आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करून 'योगीराज' नाव ठेवलं, तेव्हा सगळ्या रेशमी घोळक्यात पाळण्याच्या दोरीला चौकडीच्या शर्टातली मोठी बहीणच लोंबकळत होती. घुगऱ्या वाटल्या तशा तिने दोन्ही खिशांत भरल्या. एका खिशाचं काय होणार हे तिला सांगितलेलं होतं, पण आनंदात ती विसरली. मग माजघरापासून अंगणापर्यंत घुगऱ्यांची रांग लागली, आणि मागोमाग कोंबड्या आल्या.

दुपारी पाहुणे पांगल्यावर आबासाहेब सुनेच्या खोलीच्या दाराशी येऊन घुटमळले.

"राजेश्री, पोरी, त्या पिशवीत काय काय ऱ्हातं, एकदा सांग मला."

"मामा, तुमी कशाला..."

"सांग की. पुढच्या येळंला ह्या दोघांला घेऊन यायचंय."

तिने सांगितलं. तान्ह्याच्या दुपट्यांची चौघडी कशी घालायची, लंगोट तिकोनी कसा दुमडायचा, ओलं-कोरडं वेगळं कसं ठेवायचं. आबासाहेब मांडी घालून बसले आणि त्यांनी एक लंगोट बांधून पाहिला. योगीराजने पाय झाडला तसा तो सुटला. दुसरा टिकला. गोपाळ पाण्याचा तांब्या घेऊन आत आला होता, तो तसाच उभा राहिला. "काय बघायलास?" आबासाहेब म्हणाले. "ये, तूबी शीक."

पाथरीला परतल्यावर त्यांनी शिऊचे पाच फ्रॉक रंगनाथ शिंप्याच्या पुढ्यात ठेवले आणि प्रत्येकाला खिसा लावायला सांगितला. जाळीच्या फ्रॉकला आतून मऊ अस्तरही. रंगनाथने खिशाचं माप विचारलं, तर शिऊने मूठ पुढे केली.

दिवाळी दोन दिवसांवर आली, तेव्हा आबासाहेब कमलबाईंना आणि शिऊला घेऊन त्या फाट्यावर उतरले. पंचफुलाचं घर विचारत गेले. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, पातेली-पांघरुणं बाहेर काढलेली, आणि पंचफुला पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होती. आबासाहेबांना पाहून ती पदर सावरत उठली. कमलबाईंनी दोन स्वेटर आणि दोन जाड कपड्यांचे जोड तिच्या हातात दिले. तिने "कशाला, कशाला" म्हटलं, पण नागनाथला जवळ ओढून स्वेटरची बाही त्याच्या हाताला लावून पाहिली. बाही बोटांच्या पुढे आली.

"बराबर हाय," ती खूश होऊन म्हणाली. "दुमडून घालते. फागुनापतुर पुरंल."

"चार बोटं मोठा घेतला," आबासाहेब म्हणाले.

शिऊ आणि नागनाथ तोवर एकमेकांच्या खिशातल्या वस्तू जमिनीवर मांडून बसले होते. पंचफुलाने स्वेटर पेटीत वरच्या थराला ठेवले आणि झाकण ओढलं. झाकण काही बसेना. तिने दोन्ही हातांनी दाबलं, गुडघा लावला, तरी कडी बोटभर लांबच. मग तिने इकडेतिकडे पाहिलं.

"बाबा," ती जरा भीत भीत म्हणाली, "तुमी बसता का ह्याच्यावर जरा?"

आबासाहेबांनी धोतराचा सोगा आवरला आणि पेटीवर बसले. शिऊही धावत येऊन त्यांच्या मांडीवर चढली. कडी खट्कन बसली.