चौघांच्या रक्तात

"टोच रे गुरुदत्त, पण जरा नीट. परवाचा काळा डाग अजून गेला नाही," बाही वर सारत सबीना म्हणाली. "आणि आटप लवकर. आमच्या शेरविनची दाढ काढायला जेरोम एकटाच पोराला हमरियाला घेऊन गेलाय."

मस्कतमधल्या त्या प्रयोगशाळेचा रिवाजच होता. रक्त गोठतं की नाही हे ताडून बघायला निरोगी प्लाझ्मा लागे, तो चौघे तंत्रज्ञ आपापल्या दंडातून काढून एकत्र मिसळत. पण ईदला जोडून दोघे गावी गेलेले, गुरुदत्त तापाच्या गोळ्यांवर. उरली एकटी सबीना. नियमात बसत नव्हतं, पण बाहेर बाकावर दूरच्या खाबुऱ्याहून आलेला जहूर गुडघा सुजलेल्या मुलाला, रेहानला, मांडीवर घेऊन सकाळपासून बसला होता. त्याला ताटकळत ठेवायचं तरी किती!

रेहानचा प्लाझ्मा नव्वद सेकंद झाले तरी गोठेना. तिने त्यात निम्मा स्वतःचा घातला. पोराच्या रक्तात जे कमी आहे ते निरोगी रक्त पुरवतं आणि नळी वेळेत गोठते, इतकं सरळ गणित. कोमट पाण्यातली नळी कलती करत ती स्टॉपवॉच बघत राहिली. चाळीस. पन्नास. साठ.

"पाणी गार झालं असेल," गुरुदत्त म्हणाला.

"सदतीस अंशच आहे."

मग तिने नुसता स्वतःचाच प्लाझ्मा लावला. पस्तीस सेकंदांत गोठायला हवा होता. पन्नास झाले. म्हणजे आईकडून मुलाकडे उतरणारी ती खोट तिच्याच रक्तात होती. इतकी वर्षं तिचं रक्त चौघांत खपून गेलं होतं.

लहानपणी वसईला तिचा धाकटा भाऊ ब्रेंडन पडला, जीभ दाताखाली आली, आणि दोन दिवस रक्त थांबलंच नाही. नजर लागली म्हणत आईने तो विषय कायमचा मिटवला. आणि शेरविन पायावर निळे डाग घेऊन आला की सबीना त्याला धडपड्या म्हणून धपाटे घालायची.

तिने हमरियाच्या दवाखान्यात नवऱ्याला फोन लावला.

"जेरोम, दाढ काढू नका!"

"खलास, काढली पण! पोरगं रडलंसुद्धा नाही," जेरोम हसला. "थोडं रक्त येतंय अजून. तिसरा बोळा बदलला आत्ता."

"काढून किती वेळ झाला?"

"दीड तास असेल. का गं?"



"त्याला इकडे घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. टॅक्सी कर."

फोन ठेवून तिने एक रिकामी नळी घेतली आणि तिच्यावर शेरविनचं नाव लिहिलं. तेवढ्यात जहूर दाराशी आला.

"बाई, पोराचं काय समजलं?"

"समजलं," सबीना म्हणाली. "बसा जरा. माझाही येतोय."