खंडेनवमीचा मेन स्विच

अपडेट आलेलं दिसलं की निलेशच्या हाताला चैन पडत नाही. पोरगं बाकी शहाणं. पण पडद्याच्या कोपऱ्यात ‘नवी आवृत्ती उपलब्ध’ अशी पाटी डोकावली, की खाजेवर नख जावं तसं त्याचं बोट तिकडं जातं. एरवी खपून गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, लोणावळ्याच्या बंगल्याची फिल्म मालकाला दाखवायची होती, आणि यानं खंडेनवमीच्या सकाळी संगणक चालवणारी अख्खी लिनक्सच वरच्या आवृत्तीवर चढवायला लावली.

फिल्म म्हणजे अजून न बांधलेल्या बंगल्यातून माणसाला फिरवून आणायचं: दारातून आत, जिन्यानं वर, गच्चीवर. काम आसावरीमॅडमचं. त्या लोणावळ्याच्या आर्किटेक्ट. बंगल्याच्या मालकाला फिल्म पसंत पडली, तर मॅडमच्या पुढच्या सगळ्या बंगल्यांची कामं निलेशची. नाही पडली तर काय, ते घरात आधीच ठरलेलं. तळेगावची कंपनी सोडून निलेशनं परंदवडीच्या घरात, मागच्या खोलीत हे दुकान मांडलं, तेव्हा वडिलांनी, नथूभाऊंनी, दसऱ्यापर्यंतची सवड दिली होती. त्यानंतर दत्तोबामामाबरोबर पुन्हा कंपनीच्या गेटात. मामा तिथं सुपरवायझर. उपकार करायला सदा तयार, आणि केलेला विसरायला कधीच नाही.

गच्चीचा शेवटचा तुकडा काढायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात लीलाबाईंनी पोराला झेंडू आणायला सोमाटण्याला पिटाळलं.

“आई, मशीन चालू हाय. कुनी हात लावू नका,” जाता जाता तो ओरडला. लीलाबाई गोठ्यात होत्या. त्यांनी मान हलवली, ती पोराला की म्हशीला, हे सांगणं अवघड.

परत आला तर अंगणात पोतं अंथरलेलं. त्यावर कोयते, खुरपी, म्हशीचं दावं, फवारणीचा पंप, शेजारी धुऊन काढलेला ट्रॅक्टर. आणि पंपाला खेटून त्याच्या संगणकाची काळी पेटी. वर हळदकुंकू, अक्षता.

“आबा, हे कुनी आनलं भायेर?”

“मी. हत्यार हाय ना तुजं? मंग हत्यारांच्या रांगेत बसवलं. उगं टीव्ही टीव्ही म्हनत हुतो इतके दिस.”

“बंद कसं केलं?”

“मेन पाडला. पूजंला चालतं हत्यार बसवत न्हाईत. इंजिनेरिंगला शिकवलं न्हाई का येवढं?”

निलेश झेंडूची पिशवी धरून तसाच उभा. वडिलांनी त्याच्या कामाच्या नावावर घातलेली ही पहिली जमा. आणि तेवढाच खर्च त्याच हातानं, त्याच मिनिटाला टाकलेला. यूपीएसची बॅटरी पावसाळ्यातच फुगलेली. बदलायचं आज-उद्यावर चाललं होतं. म्हणजे मेन पाडला तेव्हा अपडेट मधल्या मध्ये तुटलं. निम्मी सिस्टीम नवी, निम्मी जुनी. बोलावं तर बाप दुखावतो, न बोलावं तर फिल्म जाते.

नथूभाऊंनी पेटीला दुपदरी हार घातला. “उद्या सीमोल्लंघन करून आलो की मंग चालू कर.”

निलेश अंगणात फेऱ्या मारायला लागला. ट्रॅक्टरपासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून ट्रॅक्टरपर्यंत. फोन वाजला.

“निलेश, आज संध्याकाळपर्यंत मिळेल ना फिल्म?” आसावरीमॅडमचा गोड आवाज. “घाई अजिबात नाहीये हं. फक्त उशीर नको.”

“व्हय… हो मॅडम. होतंच आलंय.”

फोन खिशात जातो न जातो तोच दत्तोबामामा फाटकातून आत. मामांना दुःखाचा वास लांबून येतो.

“काय भाचेबुवा, दुकान पूजंला बसलं वाटतं? बसू दे, बसू दे. परवापासून पयल्या शिफ्टला ये. मी सायबाच्या कानावर घातलंय.”

निलेशनं जी नजर टाकली ती लीलाबाईंनी टिपली. चहाचा कप भावाच्या हातात देऊन त्या नवऱ्याकडं वळल्या.

“अवं, मागल्या खंडेनवमीला म्हशीला कळा लागल्या, तवा पूजेतलं दावं उचललंच की तुमी.”

“ती जितराब हुती.”

“हेबी अडलंय. पोराचं त्वांड बघा.”

नथूभाऊंनी तोंड बघितलं. मग मेन स्विचकडं बघितलं. मग कुणाकडंच नाही.

“माझ्यामुळं झालं व्हय रं काही?”

“न्हाई आबा,” निलेश चटकन म्हणाला. “सिस्टीमचं आसतं ते. कदी कदी हुतं.”

मामांनी चहाचा घोट जरा मोठ्यानं घेतला. खोटं कुठं पडलं ते त्यांना बरोबर कळतं.

“मंग उचल,” नथूभाऊ म्हणाले. “नारळ फोडतो, म्हंजे देवाला सांगितल्यागत हुईल. पर हार काढायचा न्हाई.”

नारळ फुटला, मेन वर गेला, आणि पेटी हारासकट मागच्या खोलीत गेली. चालू केली तर पडद्यावर ढेकळाएवढी अक्षरं. फिल्म काढायचं सॉफ्टवेअर म्हणतंय, ग्राफिक्स कार्ड नाहीच. कार्ड तर पेटीत होतं, अक्षतांच्या बरोबर खाली. निलेशनं कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, पुन्हा टाकला. मध्येच नकार. दुसऱ्यांदा टाकून मशीन चालू केलं, तर पडदा काळाच. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती, बास.

“गेलं का रं?” मामा दारातून.

“मामा, तुमी भायेर बसा जरा.”

“मी काय करतोय? नुसता उभा हाय.”

नथूभाऊ मात्र आत येऊन खाटेवर टेकले. “काय झालंय ते मला समजंल आसं सांग.”

निलेशला बसवेना. तो उभ्यानंच बोलला. “ह्यात एक कर्नल आसतो, सगळं तोच वढतो. बैल समजा. ड्रायव्हर म्हंजे जू. बैल नवा आला की जू त्याच्या मापानं नवं बेतावं लागतं. हितं बैल नवा आलाय, आन जू बेतायच्या आत काम थांबलं.”

“मंग जुन्या बैलाचं काय वाईट चाललं हुतं?”

दारात मामा खो खो हसले. निलेशचे कान लाल.

“तुमी तरी बैलं इकून ट्रॅक्टर का आनला आबा?”

असं म्हणाला खरा, पण निलेशचाच हात कीबोर्डवर थबकला. जुना बैल. तो गेला कुठं? या घरात विकला असेल. लिनक्स विकत नाही, मागं गोठ्यात बांधून ठेवते. मशीन परत चालू करताना त्यानं यादी उघडली, जुना कर्नल निवडला, आणि नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर उतरला. इंटरनेट मोबाईलचं, तार लावून. आधी तुटलेलं अपडेट पुरतं करायला लावलं. ते परत ड्रायव्हरपाशी अडलं. यावेळी निलेशनं घाई केली नाही; अडल्याचं कारण शेवटपर्यंत वाचलं. नव्या कर्नलच्या मापाच्या फायली उतरल्याच नव्हत्या. मापच नाही तर जू बेतणार कसं? फायली आणल्या, ड्रायव्हर बेतायला घातला, आणि उभा राहून नखं खात बसला. म्हणजे बसला नाहीच.

पुन्हा चालू. काळा पडदा. लीलाबाईही दारात. मग एकदम स्वच्छ, बारीक, नेहमीची अक्षरं. सॉफ्टवेअरला कार्ड दिसलं. गच्चीचा तुकडा निघायला लागला.

तेवढ्यात पेटीचा पंखा कोकलायला लागला. आतली उष्णता चढत होती. निलेश हाराकडं बघतो, मग वडिलांकडं, परत हाराकडं. पेटीची वारा घ्यायची सगळी भोकं झेंडूनं बुजलेली.

“धापा का टाकतंय?” नथूभाऊंनी विचारलं.

“गरम हुतंय आबा… चालंल तसंच. जरा सावकाश चालवतो.”

“सावकाश चालवतो म्हनं. बाई रातीपातूर थांबनार हाय का?”

ते उठले. हार दोन्ही हातांनी अलगद काढला. पंख्याचा आवाज खाली आला. हार घेऊन ते ओसरीत गेले, तो मेन स्विचवर घातला. पूजेतलं दावं घेऊन स्विचचा खटका वरच्या बाजूला करकचून बांधला, गाठीवर गाठ.

“हे काय दाजी?” मामा म्हणाले. “स्विचचीबी पूजा?”

“व्हय. आन दत्तोबा, परवा पोराला न्यायला येऊ नको.”

“अरं पन अजून मालकानं बघितलंबी न्हाई! पसंत न्हाई पडलं तर?”

“तर दुसरा मालक बघंल. पोरगं ह्याच कामात ऱ्हाईल.”

मामांनी चपला शोधायला जरा जास्तच वेळ घेतला.

दिवेलागणीला फिल्म लोणावळ्याला गेली. आसावरीमॅडमचा निरोप आला: “मिळाली. गच्ची सुरेख. उद्या मालकांसमोर तूच दाखव.” निलेशनं तो मोठ्यानं वाचला. नथूभाऊ ओसरीत बांधलेल्या स्विचखाली पाठ टेकून बसले होते, राखणीला बसल्यासारखे. लीलाबाई गोठ्यातून विचारत होत्या, पूजेतलं दावं कुणी नेलं, म्हैस कशानं बांधू?