कुत्र्या बोले, जावया लागे

माझ्या आईनं माझ्या नवऱ्याचं तोंड कधी पाहिलं नाही, आणि त्यानं तिचं. भांडण नव्हतं हो, आमच्यात सासू-जावयाची रीतच ती. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, समोरासमोर यायचं नाही. आम्ही त्याला मान म्हणतो. पर्सी स्वयंपाकघराकडे निघाला की लांबूनच खोकायचा, आणि आई पिठाच्या हातांनीच डोक्यावरून घोंगडी ओढून घ्यायची. त्याला जेवण पोचवायचं तर मी. तिला निरोप द्यायचा तर मी. लग्न झाल्यापासून माझे पाय आणि माझी जीभ, दोन्ही झिजली.

मी जवळ नसले तर सार्जंट. सार्जंट म्हणजे आईचा कुत्रा. त्या खरजुल्याला तिनं पोलिसाचा हुद्दा मुद्दाम दिला होता, म्हणजे दिवसभर "सार्जंट, मेल्या, हो बाजूला" म्हणून जीव थंड करून घेता यायचा. पर्सीला चहा फिका लागला तर तो कुत्र्याकडे तक्रार करायचा, की सार्जंट, आजचा चहा म्हणजे नदीचं पाणी. आई भिंतीमागून कुत्र्यालाच ऐकवायची, की सार्जंट, साखर काय तुझ्या बापानं पाठवलीय? लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं आमच्याकडे कुत्र्या बोले, जावया लागे.

आम्ही राबायचो त्या कॉर्कवूड कुरणाचा गोरा मालक आमच्यात जन्म काढलेला. सासू-जावई बोलत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाहुणे आले की हसत हसत सांगायचा. कुत्र्याचं मात्र त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. म्हातारी कुत्र्याशी बडबडते, एवढंच त्याला वाटायचं.

सेहेचाळीस सालच्या मे महिन्यात पिलबरा मुलखात गोऱ्यांच्या मेंढ्यांच्या कुरणांवर राबणाऱ्या आम्हा सगळ्या काळ्या माणसांनी एकाच दिवशी मेंढरं सोडून निघायचं ठरवलं. मालक आम्हाला द्यायचा काय? पीठ, चहा, साखर, तंबाखू, आणि शिव्या. शिव्या मात्र पोटभर. पगार मागितला की म्हणायचा, तुम्हाला पैसे करायचेत काय. सोडून जावं, तर पोलीस शोधत यायचा आणि गळ्यात साखळी घालून परत आणायचा. गोऱ्यांची समजूत अशी की आम्हाला कुणीतरी गोराच शिकवतोय. उपाशी पोटाला कसली शिकवणी लागते?

निरोप कुरणाकुरणांतून माणसांच्या तोंडी फिरत होते. आमच्या बाजूचे निरोप पर्सी आणायचा. सगळ्यांनी नदीच्या उतारावर जमायचं असं आधी ठरलं होतं, पण त्यात बदल होणार अशी कुणकुण लागली म्हणून तो शेजारच्या कुरणावर पक्कं विचारायला गेला. निघायच्या दिवशी सकाळी परत आला, तर लोकरीच्या कोठारामागे पोलिसाची गाडी. घोड्यावरून उतरायच्या आत धरला त्याला. गळ्यात साखळी घातली, फाटकाजवळच्या झाडाला बांधला, आणि संध्याकाळी येऊन घेऊन जातो असं सांगून पोलीस पुढच्या कुरणावर गेला. आम्हाला निरोप काही मिळाला नाही.

मालकानं आम्हाला अंगणात गोळा केलं. बंदूक मांडीवर ठेवून व्हरांड्यात बसला आणि म्हणाला, पर्सीनं मला सगळं सांगितलं, तुमचा संप बारगळला. त्यानंच निरोप दिलाय की कामाला लागा. तुम्ही मुकाट्यानं कामाला लागलात तर संध्याकाळी त्याची साखळी काढायला लावतो. एक जरी माणूस फाटकाबाहेर गेलं तर याला तुरुंग. आणि झाडापाशी कुणी फिरकायचं नाही.

साखळी निघणार एवढंच मला ऐकू आलं, बाकी संप गेला उडत.

उन्हं वर आली. बांधलेल्या माणसाला निदान पाणी तरी द्या, असं मालकीणबाई म्हणाल्या. मालकानं जरा विचार केला, मग मिशीत हसला आणि म्हणाला, मेबलला पाठवा. मेबल म्हणजे माझी आई. ही त्याच्याशी बोलूच शकत नाही, तेव्हा हिच्याइतका बिनधोक पाणक्या कुठला मिळणार! स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला तो.

आई निघाली. डोक्यावरून घोंगडी, हातात पाण्याचा मग, आणि चाल उलटी, पाठ त्याच्याकडे करून. व्हरांड्यातले लोक हसत सुटले. तिनं मग खाली ठेवला, काठीनं मागं ढकलला, आणि दमल्यासारखी तिथंच बसकण मारली. मग सार्जंटला मांडीवर ओढून त्याचे गोचीड काढायला लागली. मी धुण्याच्या टपाशी होते. तिथून ओठ हललेले दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. पुढे जे सांगते ते आईनं नंतर टपाशी येऊन आम्हाला सांगितलेलं.

"सार्जंट," आई म्हणाली, "मालक म्हणतो तू भुंकायचं सोडलंस. खरं का रे?"

"सार्जंट, मालकाच्या जिभेला हाड नाही," पर्सी मगात बघत म्हणाला. "भुंकायचंय, आणि आजच."

"मग नदीच्या उतारावर ना?"

"तिकडे नको. तुझ्या हुद्द्याचे दोघं तिथं बसलेत. जुन्या कथलाच्या खाणीकडे जा. सगळे तिकडे येतायत. आणि मी बांधलाय म्हणून थांबू नकोस."

आईचा भाऊ जॅस्परमामा आमच्यातला वडीलधारा. त्यानं हे ऐकलं, मान हलवली, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बायको नवऱ्यापाशी थांबली तर निम्मे पाय तिथंच अडकणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी सरळ सांगितलं, तुम्ही जा. मी जाऊन त्याच्या पायाशी बसणार. गोळी घालायची तर घालू दे मालकाला.

आईनं वाद घातला नाही. माझी आई, आणि वाद न घालता गप्प! तिथंच मला शंका यायला हवी होती. एवढंच म्हणाली, "बरं, एल्सी. फाटकापर्यंत तर चल. गुडघा धरलाय माझा, हात दे."

आम्ही निघालो. पुढे जॅस्परमामा, मागे गडी, बाया, कडेवर पोरं, भांडी, कुत्री. मालक उठून उभा राहिला, ओरडला, शिव्या दिल्या. पण इतक्या माणसांवर बंदूक चालवायची छाती नव्हती त्याची. मी आईला हात दिला होता, पण मनात ठरवलं होतं, झाड आलं की हात सोडवायचा आणि धावायचं.

झाड आलं. आईनं घोंगडी तोंडावर ओढली. आणि पर्सीनं आमच्याकडे पाठ केली. गळ्यातली साखळी दोन्ही हातांनी उचलून तो खोडाला वळसा घालून पलीकडे गेला आणि तोंड फिरवून उभा राहिला. साखळी आखूड होती, मान वाकडी झाली, तरी तसाच उभा राहिला.

"बघा," मालक व्हरांड्यातून ओरडला, "त्यालासुद्धा तुमची तोंडं बघवत नाहीत!"

साखळीत अडकलेला माणूस सासूला वाट देत होता, हे त्या मूर्खाला कोण सांगणार? मला त्याला हाक मारायची होती. पण हाक मारली असती तर तो वळला असता, आणि मालकादेखत त्या दोघांची लाज मीच काढली असती. आईनं माझं मनगट असं धरलं होतं की रक्त थांबलं. पर्सीची पाठ, मानेवर रुतलेली कडी, एवढं दिसलं आणि फाटक मागं पडलं.

पर्सीला तुरुंग झाला. आमच्याकडची जून-जुलैची थंडी सरल्यावर सुटला आणि थेट खाणीवर आला. तोवर आम्ही बाया लाकडी पाट्यांत माती पाखडून कथील काढायला लागलो होतो. त्या पाखडण्यावर तीन वर्षं संप तगला, आणि कॉर्कवूडला आम्ही पुन्हा पाऊल टाकलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी कोरडा ओढा ओलांडून आम्ही सावलीला बसलो, तेव्हा माझा संताप अनावर झाला. मी आईला नाही नाही ते बोलले. म्हटलं, सगळ्यांच्या मागून आली असतीस तर तुझं काय जात होतं? तुझ्यापायी त्याचं तोंड दिसलं नाही मला. कडू आहेस, दगड आहेस.

तिनं सगळं ऐकून घेतलं. गुडघा चांगला दुमडून बसली होती, दुखणं कुठल्या कुठं गेलं होतं.

"त्यानंच सांगितलं तसं," ती म्हणाली. "एल्सीच्या बाजूनं चाल, म्हणजे मला पाठ करावी लागेल. तिचे डोळे दिसले तर माझ्या तोंडून 'थांब' निघेल, म्हणाला."

मी विचारलं, "सार्जंटला म्हणाला?"

"सार्जंट तोवर कोंबडीमागं पळाला होता," आई म्हणाली. "मला म्हणाला. मला हाक मारून."

आणि त्या वाटेवर कुणी परकं नसताना तिनं घोंगडी पुन्हा तोंडावर ओढून घेतली.