बिनदाराचा हॉल

ऐकताय ना? निपाणीपासून दोन कोसांवरच्या एका गावाचा हॉल बोलतोय मी. कपाळावरच्या कन्नड पाटीवर 'समुदाय भवन' असं लिहिलंय. पण त्या भारदस्त नावानं मला कुणी ओळखत नाही.

माझा जन्म श्रमदानातला. वरच्या आणि खालच्या गल्लीनं मिळून भिंती उभ्या केल्या, चौकट बसवली, आणि किल्ली कुणाकडे राहणार यावरून दोन्ही गल्ल्या अशा काही भांडल्या, की दार बसवायचं राहूनच गेलं. पन्नास वर्षं झाली, मी उघडाच आहे.

त्यानं माझं काही बिघडलं नाही. नदीला पूर आला तेव्हा काठावरची घरं गुरावासरांसकट माझ्याकडे राहायला आली. इथे लग्नं लागली, भांडणं मिटली, काही मुद्दाम पेटवलीही गेली. आणि रोज सकाळी जयाबाई विड्या वळणाऱ्या दहा-बारा बायकांना घेऊन येते. त्यांची घरं एका खोलीची, अंधारी. इथे उजेड असतो, मांडीवर सूप घेऊन ऐसपैस बसता येतं. या बायकांचा मला फार लळा.

गेल्या महिन्यात जयाबाईचा पुतण्या नागेंद्र, पंचायतीचा मेंबर, टेम्पोतून लोखंडी दार घेऊन आला. मला कुलूप लावून समारंभांना भाड्यानं द्यायचं त्याच्या मनात होतं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते एका इमारतीला त्या दिवशी कळलं.

जयाबाई सूप घेऊन उंबऱ्यातच बसली.

"काकी, ऊठ की. वेल्डर खोळंबलाय."

"खोळंबू दे. आम्ही कुठं बसायचं, ते सांग आधी."

"किल्ली मागून न्यायची. मी काय न्हाय म्हणतोय व्हय?"

"आज म्हणणार न्हाईस रं. उद्या हितं लगीन असलं की म्हणशील."

दोन दिवस ती हलली नाही. तिसऱ्या दिवशी नागेंद्रची बायको पूर्णिमा तिच्या शेजारी येऊन बसली, तेव्हा मेंबराचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"मग ह्या दाराचं काय करू?" त्यानं विचारलं.

"आत घे आन् विटांवर आडवं टाक," जयाबाई म्हणाली. "आमच्या पोरींस्नी लिव्हायला व्हईल."

आता रोज संध्याकाळी त्या दारावर चौदा पोरी वह्या पसरून बसतात. माझं छत गळतंय, गिलावा सुटलाय. जमेल तेव्हा बघा, मला घाई नाही. पण पुन्हा कुणी दार घेऊन येणार असाल, तर आत्ताच सांगून ठेवतो : अजून सहा पोरींना जागा कमी पडतेय.